दीर्घ आजारात उमेद आणि हसू कसे टिकवावे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे मराठीत ज्याला आमवात म्हणतात, तो सांधे सुजवणारा आणि आखडवणारा आजार मला जडला त्याला आता चौदा वर्षे झाली. सकाळी उठल्यावर पहिला तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. औषधाच्या बाटलीचे झाकण दोन्ही तळव्यांमध्ये धरून, कोपरे टेबलावर रोवून, सारे अंग तिरके करून फिरवावे लागते. निदान झाले त्या वर्षी भेटायला येणारे जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना दारात थांबून एकच वाक्य म्हणत असे, "मन खंबीर ठेव, पॉझिटिव्ह राहा, सगळे ठीक होईल." त्यामागची माया मला कळत होती. तरीही ते वाक्य ऐकले की आजाराच्या कामांमध्ये आणखी एका कामाची भर पडल्यासारखे वाटे. दुखणे सोसायचे, औषधे वेळेवर घ्यायची, आणि वर चेहराही हसरा ठेवायचा. तो कसा ठेवायचा, हे मात्र कोणी सांगत नसे.

या लेखात मी ते "कसे" सांगण्याचा प्रयत्न केला आहे. इतक्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे. उमेद मनाला हुकूम सोडून येत नाही, पण दिवसाची मांडणी बदलली तर तिला यायला वाट मिळते, आणि हसूही त्याच वाटेने येते. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मी विचारपूर्वक लावला आहे. पुष्कळ जण थेट विनोदापासून सुरुवात करतात, थकलेल्या आणि न रडलेल्या मनावर हसू चढवू पाहतात, आणि ते टिकले नाही की स्वतःला दोष देतात. मधुमेह असो, दमा असो, मूत्रपिंडाचा विकार असो की मज्जासंस्थेचा, जो आजार पूर्ण बरा होत नाही आणि रोज सोबत असतो, अशा कोणत्याही आजारात या पायऱ्या उपयोगी पडतील.

पायरी पहिली: सकारात्मकतेकडून काय मागायचे, ते ठरवा

मन प्रसन्न ठेवले की आजार हटतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती दिसायला निरुपद्रवी असली तरी रुग्णाचे मोठे नुकसान करते, कारण तिची दुसरी बाजू अशी की दुखणे वाढले तर रुग्णाचेच मन कमी पडले असे ठरते. २००७ साली जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा रुग्णाची भावनिक स्थिती चांगली आहे की वाईट यावरून तो किती काळ जगेल याचा काहीच अंदाज बांधता येत नाही, असे आढळले. काहींना हा निष्कर्ष निराश करणारा वाटतो. मला मात्र तो वाचून खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले होते. याचा अर्थ, एखाद्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, तर त्यामुळे माझे सांधे अधिक झिजत नाहीत.

मग उमेद कशासाठी हवी? माझ्या मते ती दोन गोष्टींसाठी हवी. एक म्हणजे औषधे, व्यायाम, तपासण्या ही वर्षानुवर्षे चालणारी कामे कंटाळून सुटू नयेत म्हणून, आणि दुसरी म्हणजे आजार असलेले दिवससुद्धा आपलेच दिवस आहेत, ते जगण्याजोगे व्हावेत म्हणून.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. नुसती सुखद चित्रे रंगवल्याने हातून काम घडतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी १९९१ साली वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया यशाच्या गोड कल्पनांमध्ये रमल्या होत्या, त्यांचे वजन तुलनेने कमी घटले. आशेच्या चित्रासोबत अडथळ्याचेही चित्र हवे, असा त्यांच्या पुढच्या कामाचा रोख आहे, आणि तो दीर्घ आजाराला चपखल बसतो. एका कागदावर तीन वाक्ये लिहा: मला काय हवे आहे, त्याच्या आड काय येते, आणि ते आड आले तर मी काय करीन. उदाहरणार्थ, "मला संध्याकाळी अर्धा तास चालायचे आहे. घोटे सुजले तर चालता येत नाही. तसे झाले तर मी तेवढाच वेळ खिडकीपाशी बसून हातांचे व्यायाम करीन." तिसऱ्या वाक्याला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण वाईट दिवशी तेच तुमच्या हाताशी असते.

पायरी दुसरी: मन खचण्याचे कारण शरीरात किंवा औषधात तर नाही ना, हे पाहून घ्या

दीर्घकालीन शारीरिक आजार असलेल्या लोकांमध्ये नैराश्याचे प्रमाण निरोगी लोकांच्या तुलनेत सुमारे दोन ते तीन पट असते. पार्किन्सनसारख्या (कंपवात) आजारात नैराश्य हे मेंदूतील बदलांमुळे उद्भवणारे, त्या आजाराचेच एक लक्षण असू शकते. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय आणि सततची अपुरी झोप यांमुळेही मन उदास राहते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते आणि मनाचे चढउतार वाढतात. अशा वेळी विनोदी कार्यक्रम पाहून बरे वाटले नाही, तर तो तुमच्या स्वभावाचा दोष मानू नका. तिथे गरज वैद्यकीय उपचारांची असते.

डॉक्टर प्राथमिक चाचपणीसाठी जे दोन प्रश्न वापरतात, ते स्वतःलाही विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस कितीदा नाहीसा झाला? आणि उदास, खिन्न किंवा हताश किती दिवस वाटले? यांपैकी एकाचेही उत्तर "निम्म्याहून अधिक दिवस" असे आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोला. बोलताना "बरे वाटत नाही" एवढ्यावर थांबू नका. "तीन आठवड्यांपासून पहाटे चारला जाग येते, वाचनात लक्ष लागत नाही, आणि हे गोळीचा डोस बदलल्यापासून सुरू झाले" असे नेमके सांगा. संशय एखाद्या औषधावर असला तरी ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड तर एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. पुढची एकही पायरी त्या मदतीची जागा घेऊ शकत नाही.

पायरी तिसरी: जे गेले, त्याचे दुःख करून घ्या

समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी १९८२ साली आमवाताच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून असे मांडले की दीर्घ आजारात माणसाची जीवनकथाच मध्ये तुटते. आपण कोण आहोत आणि पुढे काय करणार आहोत, याविषयी मनात जे धरून ठेवलेले असते ते एका निदानाने मोडते. मी सुबक अक्षरात पत्रे लिहीत असे. ते अक्षर गेले. ही गोष्ट जगाच्या दृष्टीने इतकी लहान होती की तिच्यासाठी रडायला मला संकोच वाटे, आणि तो संकोच मी दोन वर्षे बाळगला. त्या दोन वर्षांत मी पुष्कळदा हसले, पण त्या हसण्याने मला कधी हलके वाटले नाही.

दुःखाला वाट करून देण्याचा एक साधा, घरी करता येण्याजोगा मार्ग लिखाणाचा आहे. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली या पद्धतीवरचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. १९९९ साली दमा आणि आमवाताच्या ११२ रुग्णांवर अशीच एक चाचणी झाली. सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत तणावाच्या अनुभवाविषयी लिहिलेल्या रुग्णांची प्रकृती चार महिन्यांनंतर इतरांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. नंतरच्या अनेक अभ्यासांत या पद्धतीचा परिणाम सरासरीने लहानच आढळला आहे, म्हणून तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पण तिला काहीही खर्च येत नाही आणि ती कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही.

बसण्याआधी दार लावून घ्या आणि घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावा. शुद्धलेखनाकडे पाहू नका, खोडाखोड करू नका, आणि हे कोणी वाचणार नाही हे मनाशी पक्के ठरवा. हात चालत नसेल तर फोनवर आवाज नोंदवा. आजारामुळे काय गेले, कशाचा राग आहे, कोणाचा राग आहे, कशाची भीती वाटते, हे सगळे येऊ द्या. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होते आणि ते स्वाभाविक आहे, म्हणून झोपण्याच्या अगदी आधी लिहायला बसू नका. जडपणा दुसऱ्या दिवसापर्यंत उतरला नाही किंवा जुना आघात उसळून वर आला, तर लिखाण थांबवून समुपदेशकाची मदत घ्या.

हे झाल्यावर मगच "आज काय बरे झाले" याची नोंद सुरू करा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक मज्जा-स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांवर होता. २१ दिवस रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची प्रसन्नता वाढली आणि झोपही सुधारली. मात्र ही नोंद करताना मोठे शब्द टाळा. "कुटुंबाबद्दल कृतज्ञ आहे" असे रोज लिहिले तर चौथ्या दिवशी त्यातला जीव जातो. "आज शर्टाचे वरचे बटण पहिल्याच प्रयत्नात लागले" हे वाक्य महिन्यानंतर वाचले तरी तो क्षण डोळ्यांसमोर उभा राहतो.

पायरी चौथी: शक्तीचा हिशेब मांडा, आणि आनंदाचा खर्च आधी काढून ठेवा

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, असलेल्या एका अमेरिकी लेखिकेने २००३ साली आपल्या मैत्रिणीला आजार समजावताना टेबलावरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले. दिवसाला एवढेच चमचे, आंघोळीला एक, कपडे घालायला एक, प्रवासाला दोन, आणि संपले की संपले. आज जगभरातले दीर्घ आजारी लोक आपल्या शक्तीविषयी याच भाषेत बोलतात. निरोगी माणसाला ज्याचा हिशेब ठेवावाच लागत नाही, त्याचा आपल्याला पैशासारखा हिशेब ठेवावा लागतो, हे त्या चमच्यांमुळे समोरच्याला चटकन समजते.

आपली नेहमीची चूक अशी असते की बऱ्या दिवशी आठवडाभराची तुंबलेली कामे एकदम उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळायचे. या चढउतारात शरीराइतकेच मनही दमते, कारण दर वेळी नव्याने हरल्यासारखे वाटते. त्यावर उपाय म्हणजे कामाचे माप वेळेने ठरवणे. एखादे काम करताना दुखणे किंवा थकवा वाढू लागेपर्यंत किती मिनिटे जातात, हे आठवडाभर टिपून ठेवा. समजा टाइप करण्याची नोंद २५, १५ आणि २० मिनिटे अशी आली, तर सरासरी २० मिनिटे होते. त्यातून पाचवा भाग वजा करा, म्हणजे १६ मिनिटे उरतात. यापुढे १६ मिनिटांनी गजर वाजला की थांबायचे, मग हात बरा वाटत असो वा नसो. बरे वाटत असताना थांबणे हीच यातली अवघड गोष्ट आहे, आणि ती अंगवळणी पडायला मला वर्ष लागले. आठवडाभर हे माप सहज पेलले तर एखाद-दोन मिनिटांनी वाढवावे. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घ थकव्याच्या आजाराच्या रुग्णांनी मात्र ठरलेल्या वेगाने माप वाढवत नेऊ नये, कारण त्या आजारात श्रमानंतर प्रकृती ढासळते आणि ते कधी कधी एक-दोन दिवसांनी कळते.

आता या पायरीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आपण आधी कर्तव्याची कामे उरकतो आणि उरलेली शक्ती आनंदाला देतो. दीर्घ आजारात काही उरतच नाही, त्यामुळे महिनेच्या महिने आनंदाविना जातात आणि मग माणूस विचारतो की मला हसू का येत नाही. म्हणून दिवसाची आखणी करताना आवडीच्या एका गोष्टीचा वाटा पहिल्यांदा बाजूला काढा आणि मग कामे मांडा. मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाची गोळी घेते आणि दुसऱ्या दिवशी मळमळ व थकवा असतो. तो दिवस मी वर्षानुवर्षे वाया गेलेला दिवस म्हणून मोजत असे. आता त्या दिवशी एकही काम ठेवत नाही, दुपारी धाकट्या बहिणीचा ठरलेला फोन मात्र ठेवते. दिवस थकव्याचाच असतो, पण आता मी त्याची वाट पाहते.

पायरी पाचवी: आठवड्याला एक संकल्प

स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला, आणि त्यात शिकवली जाणारी संकल्पाची पद्धत मला आजवर सर्वांत कामाची वाटली आहे. संकल्पात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: काय करणार, किती, केव्हा आणि आठवड्यातून किती वेळा. मग स्वतःला विचारायचे की हे पार पडेल याची खात्री शून्य ते दहापैकी किती आहे. सातापेक्षा कमी उत्तर आले तर संकल्प लहान करायचा. "व्यायाम वाढवीन" या वाक्यापेक्षा "सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहा वाजता दहा मिनिटे बोटांचे व्यायाम करीन" हे वाक्य कितीतरी भक्कम आहे. पार पडलेला लहान संकल्प मनाला जो आधार देतो, तो कोणत्याही धीराच्या शब्दांनी मिळत नाही.

पायरी सहावी: हसण्याच्या जागा तयार करा

एकदा तपासणीच्या रांगेत माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना पार्किन्सन होता. दोघांच्याही मांडीवर भरायचा अर्ज होता आणि दोघांच्याही हातात पेन नुसतेच होते. त्यांनी माझ्या आखडलेल्या बोटांकडे पाहिले, मग स्वतःच्या थरथरणाऱ्या हाताकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "तुमची बोटे हलत नाहीत आणि माझी थांबत नाहीत. दोघांनी मिळून एक सही नक्की होईल." त्यांचा चेहरा जराही हलला नव्हता, पण खांदे हलत होते. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवशीचा तपासणी अहवाल काय होता हे मला आठवत नाही. ते वाक्य मात्र आठवते.

तो विनोद का पोहोचला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बोलणारा स्वतः त्याच नावेत होता. त्याने माझ्या दुखण्याला हलके लेखले नाही आणि स्वतःलाही कमी लेखले नाही. दोघांची अडचण त्याने नेमकी पाहिली आणि तिच्यातूनच आमची भागीदारी जुळवली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ साली विनोदाच्या चार रीती सांगितल्या. माणसे जोडणारा विनोद, संकटातही स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि इतरांना हसवण्यासाठी स्वतःलाच तुडवणारा विनोद. पहिल्या दोन रीती मनःस्वास्थ्याला पोषक आहेत आणि चौथीचा संबंध नैराश्याशी व खालावलेल्या आत्मसन्मानाशी आढळतो. दीर्घ आजारात ही चौथी रीत गुपचूप शिरते. लोकांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून आपण स्वतःला "भंगार", "ओझे" म्हणू लागतो, सगळे हसतात, आणि घरी परतल्यावर तोच शब्द मनात राहतो. म्हणून एक कसोटी लावून पाहा. विनोद सांगून झाल्यावर एकटे असताना हलके वाटते की जड? जड वाटत असेल तर तो विनोद पुन्हा सांगू नका, मग त्याला कितीही दाद मिळालेली असो.

आजारावर विनोद करण्याचा पहिला हक्क आजारी माणसाचा असतो. घरच्यांनी आणि मित्रांनी त्याच्या मागून यावे. त्याने दार उघडले तर आत यावे आणि त्याने ते लावून घेतले तर थांबावे. काल ज्यावर तो हसला, त्यावर आज हसेलच असे नाही, कारण कालचे दुखणे आणि आजचे दुखणे वेगळे असते.

हसण्याने शरीरात काय घडते, याविषयी काही गोष्टी आता बऱ्यापैकी ठाऊक आहेत. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की इतरांसोबत खळखळून हसल्यानंतर वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते. २०१७ साली फिनलंडमधील संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून, मित्रांसोबत हसताना शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये मेंदूत स्रवतात, असे नोंदवले. हसण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले की माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो लोकांत हसतो. नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकांची गोष्ट तर अनेकांना ठाऊक असते. १९६४ साली मणक्यांच्या वेदनादायक आजारात त्यांनी विनोदी चित्रफिती पाहिल्या, आणि दहा मिनिटे पोट धरून हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागे असे त्यांनी पुढे लिहिले. तो एका माणसाचा अनुभव आहे, उपचाराचा पुरावा नव्हे, आणि तो तेवढ्याच मापाने घ्यावा.

या सगळ्यातून हाती लागणारी गोष्ट अशी की हसायचे असेल तर आधी सोबत शोधा. एकट्याने दोन तास चित्रफिती पाहण्यापेक्षा एका मैत्रिणीला फोन लावून दोघींनी एकाच वेळी एकच चित्रफीत पाहिलेली बरी. ज्यांच्याशी बोलताना आजाराचा विषय निघालाच पाहिजे असे नसते, अशा दोन-तीन माणसांची नावे लिहून काढा आणि त्यांच्याशी बोलण्याचा वार ठरवा. ठरवून केलेल्या गप्पांमध्ये हसू कसे येईल अशी शंका मलाही होती, पण हसू आपोआप येते, वेळ मात्र ठरवूनच काढावी लागते. त्याच आजाराच्या इतर रुग्णांचा गट मिळाला तर जरूर जा, कारण तिथे अर्धे वाक्य बोलले तरी उरलेले अर्धे समजते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली सुरू केलेल्या हास्ययोगात विनोदाशिवायच, व्यायाम म्हणून हसायला लावतात. काहींना त्याने मोकळे वाटते, काहींना ते कृत्रिम वाटते. दोन-तीनदा जाऊन पाहावे आणि आवडले नाही तर मुळीच अपराधी वाटून घेऊ नये.

घरात करण्याजोगा एक सोपा उपाय म्हणजे वस्तूंना नावे देणे. माझ्या बहिणीने माझ्या मनगटपट्ट्याला "साहेब" म्हणायला सुरुवात केली. "ताई, साहेब आज रजेवर आहेत का?" असे ती विचारते, आणि मी पट्टा बांधायला विसरले आहे हे मला रागावून न घेता कळते. औषधांचा डबा, काठी, वाफेचे यंत्र यांना अशी नावे मिळाली की नकोशा वस्तूशी थोडी ओळख होते, आणि आठवण करून देणे म्हणजे टोकणे असे उरत नाही. त्याचबरोबर एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद फक्त गमतीच्या प्रसंगांसाठी ठेवा. दवाखान्यात ऐकलेले एखादे वाक्य, चुकीच्या नावाने मारलेली हाक, लहान मुलाने विचारलेला प्रश्न, असे काहीही त्यात चालेल. वही ठेवली की नजर आपोआप अशा गोष्टी शोधू लागते, आणि दोन तास रांगेत बसण्यालाही थोडे निमित्त मिळते.

काही आजारांत हसतानाही जपावे लागते. दम्यात जोराच्या हसण्याने खोकला किंवा धाप लागू शकते, म्हणून इनहेलर जवळ ठेवा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हसताना टाक्यांवर उशी हलकेच दाबून धरा. नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या काही रुग्णांमध्ये हसण्याने स्नायूंतली ताकद एकदम जाते, त्यांनी बसूनच हसावे. हसताना लघवी थेंबाथेंबाने निसटत असेल तर संकोचाने हसणे बंद करू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो त्रास पुष्कळ कमी होतो, डॉक्टरांना विचारा.

पायरी सातवी: घरच्यांना नेमके सांगा

रांगेतल्या त्या गृहस्थांचा चेहरा हलला नव्हता, कारण पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि आतून हसणारा माणूस बाहेरून निर्विकार दिसतो. त्यांच्या पत्नीने मला सांगितले की सुरुवातीला घरच्यांना वाटे, यांना कशातच रस उरला नाही, आणि हळूहळू त्यांना कोणी काही गमतीचे सांगेनासे झाले. मग एके दिवशी त्यांनीच घरच्यांना सांगितले, "माझ्या चेहऱ्याकडे पाहू नका, खांद्यांकडे पाहा." प्रत्येक आजारात अशी काही खूण असते जी इतरांना दिसत नाही, आणि ती आपणच सांगावी लागते.

"तुला काही हवे का?" या प्रश्नाला "काही नको" असे उत्तर देण्याची सवय मोडा. त्याऐवजी तीन तयार वाक्ये ठेवा. "आज मला सल्ला नको, नुसते ऐकायला कोणीतरी हवे आहे." "आज आजाराचा विषय सोडून दुसरे काहीही बोल." "आज मला हसायला आवडेल." ही वाक्ये पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळते, पण समोरच्या माणसाला त्यांनी केवढा दिलासा मिळतो हे मी पाहिले आहे, कारण मदत करायची असूनही कशी करावी हे त्यालाही कळत नसते. आणि कोणी "पॉझिटिव्ह राहा" असे म्हणालेच, तर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. "प्रयत्न चालू आहे. तू शनिवारी तासभर बसायला आलास तर आणखी सोपे जाईल," असे म्हणा. माया खरी असेल तर तो माणूस येतो.

पायरी आठवी: वाईट दिवसाची तयारी बऱ्या दिवशी करा

दुखणे उसळते तेव्हा डोके चालत नाही आणि निर्णय घेणे जड जाते, म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवावेत. एका कागदावर चार गोष्टी ठळक अक्षरांत लिहा: दुखणे वाढल्याची तुमची पहिली लक्षणे, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सांगितलेले उपाय, कोणती लक्षणे दिसली तर लगेच दवाखान्यात जायचे, आणि कोणती कामे बिनदिक्कत सोडून द्यायची. या कागदाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या.

सोबत एक पेटी भरा. तिच्यात शेकण्याची पिशवी, मऊ मोजे, ऐकायला आवडणाऱ्या गोष्टींची यादी, गमतीची वही, आणि बऱ्या दिवशी तुम्हीच स्वतःला लिहिलेली चिठ्ठी असू द्या. चिठ्ठीत उपदेश नको, माहिती हवी. "मागच्या वेळचे दुखणे नऊ दिवस चालले. पाचव्या दिवशी तुला वाटले होते की हे कधीच थांबणार नाही. दहाव्या दिवशी तू खिडकीपाशी बसली होतीस." वेदनेत माणसाला मागचे आठवत नाही, आणि स्वतःच्या नोंदीवर जितका विश्वास बसतो तितका दुसऱ्याच्या शब्दांवर बसत नाही. दर दुखण्यानंतर ही चिठ्ठी नव्याने लिहा, यादीतले ऐकून जुने झालेले काढून नवे घाला, औषधांच्या तारखा पाहून घ्या. आणि पेटीचे झाकण सैल असू द्या, कारण सकाळी साडेसहाला बोटे मिटत नसताना ती एका तळव्याने उघडता आली पाहिजे.